मेलेल्यांच्या यादीतलं आमंत्रण

आये, तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायला मला धीर आला. वाचता येत असतं तर तू आधी कागद उलटसुलट करून बघितला असतास आणि मग विचारलं असतंस, "हे तुला कोनी लिवून दिला?" असो. आज डोकं इतकं फिरलंय की कुणाला तरी बोलल्याशिवाय भात गळ्याखाली उतरणार नाही, आणि या घरात ज्याला बोलायला जावं तो "टेन्शन नको घेऊ" म्हणतो आणि मोबाईलमध्ये तोंड घालतो. तुझ्या नातीचं लग्न आहे, येत्या रविवारी. सीवूड्सला हॉल घेतलाय, भटजी ठरलाय, जेवणाचा माणूस ठरलाय, पत्रिका वाटून झाल्यात. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि तीन आठवड्यांपूर्वी ही पोरगी सकाळी चहा पिता पिता म्हणते, "मम्मी, मला आदल्या दिवशी धवला पाहिजे." धवला, आये! जन्मात कधी तुझ्या मांडीवर बसली नाही, मासे साफ करायला सांगितले तर हातमोजे शोधते, आणि तिला धवला पाहिजे. कुणाच्या तरी लग्नाचं रील बघितलं म्हणे. म्हातारी बाई उंबराच्या फांदीजवळ बसून गाणं म्हणते, गाण्यातच लग्न लावते, भटजीचं कामच नाही. "आपल्याकडे एवढं भारी असताना आपण डीजे काय लावतोय?" मी म्हटलं, बाई, तुझी आजी तेच करायची, अख्ख्या खाडीकाठची लग्नं लावली तिने. तर म्हणते, "म्हणून तर पाहिजे ना!" आता यावर काय बोलणार, कपाळ माझं.

मग सुरू झाला तमाशा. मांडव घालायचा तर कुठे, पार्किंगमध्ये. पार्किंगमध्ये घालायचा तर सोसायटीची परवानगी. सेक्रेटरी विचारतो, "मॅडम, झाडाची फांदी रोवणार म्हणजे फरशी फोडणार का?" त्याला समजावलं की बादलीत वाळू घालून रोवू. उंबर शोधायला तुझा लेक, माझा भाऊ, दोन दिवस गाडी घेऊन फिरला. तू इथे शंभर पावलांवर उंबर, आंबा, जांभूळ सगळं बघितलंस, आता तिथे टॉवर आहेत. आणि या सगळ्यात मी का धावतेय? ज्या बाईला गावाने मेलेली धरलं, तिने रीतीभातीसाठी जीव का टाकायचा? पण टाकतेय. दुकानात जाऊन विचारतेय, नवीन सूप आहे का, कुंकू सुटं मिळेल का. तू वरून बघत असशील तर तुला मजा येत असेल.

गावातून धवलारीण आली परवा. तू ओळखशील तिला. लहान असताना तुझ्या पाठीमागे बसून तुझ्या गाण्यातली शेवटची ओळ ओढायची, तीच. आता अंगणवाडीत शिकवते, सगळी गाणी मोबाईलमध्ये ठेवलीत. सोफ्यावर बसली, पाणी प्यायली, आणि तुझ्यासारखीच, इकडचं तिकडचं न बोलता सुरू. "मावशी, आधी गेलेली मानसा सांगा. जित्यांना पत्रिका गेली, ती येतील. गेलेल्यांना धवल्यात मलाच बोलवाय लागतंय. नावा व्हॉट्सॅप करा, मी क्रम लावतंय." मेलेल्यांची यादी व्हॉट्सॅपवर! मी आणि माझा नवरा लिहायला बसलो. साताऱ्याकडचे माझे सासरे, ज्यांनी उभ्या जन्मात खाडी बघितली नाही. त्यांची आई. त्यांचा तो भाऊ, ज्याचं नाव आठवायला नवऱ्याने गावी फोन लावला. आपल्याकडचा बाबा, आजा, आजी. अकरा नावं झाली. ती म्हणाली, "आन तुमची आय? तिचा नाव पयला टाकू ना?" मी म्हटलं, बघू, सांगते. धवलारणीच्या घरच्या लग्नात धवलारणीलाच हाक नाही म्हणजे काय, तिला कळेना. दोन दिवस झाले, आये. यादी तशीच पडून आहे, उद्यापर्यंत द्यायची आहे, आणि मी अडलेय ती तुझ्यापाशी. तुला बोलवायचं की नाही?

तुझा नियम मला पाठ आहे. विसरायची सोयच ठेवली नाहीस. मी सात-आठ वर्षांची असेन. तू चुलीपाशी कोलंबी सोलत बसलीस आणि मी उंबऱ्यावर. बाहेर ऊन आहे, कोंबड्या गप्प आहेत, मला कंटाळा आलाय. म्हणून तू मांडवात म्हणतेस ती हाक मी म्हणायला लागले, तुझ्याच सुरात, आज्याचं नाव घेतलं, मग शेजारच्या काकीच्या मेलेल्या नवऱ्याचंही घेतलं, कारण ते नाव चालीत चांगलं बसत होतं. तू उठलीस. हाताला कोलंबीचं पाणी तसंच, आणि अशी एक ठेवून दिलीस गालावर की दोन दिवस माझ्या केसांना वास येत होता. मी रडायला लागले तर तू रडूही देईनास. "गप. आधी सांग, कोनाकोनाला बोलावलंस?" मी सांगितलं. तू खरंच दोन पानं मांडलीस अंगणात! घरात होता नव्हता तेवढा भात, वर कोलंबीचं कालवण, आणि पानांपाशी बसून हात जोडून म्हणालीस, पोर आहे, चुकली, आलात तर जेवून जा. मला म्हणालीस, "मांडव नसताना हाक मारायची नाय. ज्याचा नाव घेतला तो येतोच. जित्या मानसाला नाय जमला तर तो नाय येनार, मेलेला येतोच. मंग त्याला उपाशी धाडायचा?" त्या दिवशी तू स्वतः कांजी पिऊन राहिलीस. तुझं माहेर खाडीतल्या बेटावरचं, होडीतून लग्न होऊन आलेली तू, आणि प्रत्येक गोष्टीला तुझं ठरलेलं असायचं, "आमच्या बेटावं आसा नाय करत." हळद लागलेल्या पोरीने पाणी ओलांडायचं नाही. मयताहून आल्या वाटेने परत यायचं नाही. सुतकात धवलारणीने मांडवाची सावलीसुद्धा घ्यायची नाही. अगं, खाडीच्या मधोमध चार घरं असलेलं बेट ते, तिथे नियम करण्याशिवाय दुसरा उद्योग नव्हता का लोकांना?

आणि ज्या माणसाच्या अंगात एवढे नियम, त्याच्या पोटी मी. तळोज्याच्या कंपनीत लॅबमध्ये कामाला लागले, तिथे हा साताऱ्याचा भेटला, आणि तू म्हणालीस, जातीबाहेर नाही, गावाबाहेर नाही, खाडीबाहेर तर नाहीच. आम्ही कोर्टात जाऊन लग्न केलं. त्या दिवशी तू काय केलंस ते मला भावाने सांगितलं, तेव्हा तो शाळेत होता. तू गावच्या तलावावर गेलीस, अंगावरच्या लुगड्यासकट पाण्यात उतरलीस, माझ्या नावाने आंघोळ केलीस आणि वर येऊन सगळ्यांना सांगितलंस, "माझी पोर मेली." बरं, लोक रागाच्या भरात असं करतात, चार दिवसांनी विसरतात. पण तू विसरणाऱ्यातली कुठे! तू दहा दिवस सुतक पाळलंस. वरच्या आळीतल्या पोरीचं लग्न तोंडावर आलेलं, त्यांनी पाया पडून विनवलं, तू गेली नाहीस. घरात मयत झालंय म्हणालीस. त्यांना पलीकडच्या गावातून धवलारीण आणावी लागली. मी त्या वेळी कंपनीच्या कँटीनमध्ये बसून वडा-उसळ खात होते, आये. धडधडीत जिवंत. लाज नाही वाटली तुला? मला अजून सांगताना हसूही येतं आणि रागही.

पुढे तर आणखी हद्द. आम्ही भाड्याने घर घेतलं ते नेमकं तुझ्या गावासमोर, मध्ये फक्त रस्ता. मी मुद्दाम घेतलं असं तुला वाटलं असेल. घेतलं होतं मुद्दाम. बाजारात समोरासमोर यायचो. मेलेल्या माणसाशी बोलायचं नाही हे तू पाळलंस, पण मासळीवाल्या काकीला सांगायचीस, "त्या बाईला सांग, तो बोंबील घेऊ नको, कालचा हाय." मी चार हात लांब उभी. काकी बिचारी एकदा तुझ्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे, आणि म्हणायची, "बाई, तो घेऊ नको, कालचा हाय." मी म्हणायचे, "त्यांना सांगा, मला दिसतंय." असं आपण दोघी बोलायचो. पोरगी झाली तेव्हा त्याच काकीच्या टोपलीतून एक पुडकं आलं, काळ्या मण्यांच्या मनगट्या आणि वाळवलेल्या कोलंबीचे सोडे. मी विचारलं, कुणी दिलं? काकी म्हणाली, "कोनी नाय." मी पुडकं ठेवून घेतलं. सोड्यांची खिचडी केली, आणि खाताना एवढा संताप आला की अर्धं ताट तसंच टाकून उठले. मणी पाठवता येतात, सोडे निवडून पाठवता येतात, आणि रस्ता ओलांडून नातीचं तोंड बघता येत नाही?

मग आलं भावाचं लग्न. पोरगी तेव्हा चार वर्षांची. भाऊ पत्रिका घेऊन दारात आला, आत येऊन बसेना, चपलेत पाय तसाच. "ताई, आय ऐकत नाय. तू ये, बघू काय व्हतंय ते." मी म्हटलं, तिने बोलावलं तर येईन, नाहीतर नाही. त्याने परत जाऊन तुला सांगितलं असणारच. मांडवाचा दिवस आला. तू स्वतःच्या लेकाचा धवला स्वतःच म्हणत होतीस, माईकवर, आणि स्पीकरचं तोंड थेट आमच्या बिल्डिंगीकडे. नवरा कामावर गेलेला. मी पोळ्या लाटतेय. तुझा आवाज येतोय, बसलेला, पण सुरात. देवांना हाका मारून झाल्या, मग गेलेल्यांच्या सुरू झाल्या. बाबा. आजा. आजी. पणजा. बेटावरचे कोण कोण. आणि मग माझं नाव. दोनदा घेतलंस. लग्नाआधीचं, घरातलं नाव, तू मला हाक मारायचीस ते. मांडवाला ये म्हणालीस, आणि पुढच्या मेलेल्या माणसाकडे गेलीस. सगळं गाव ऐकतंय, आमची बिल्डिंग ऐकतेय, खालचा वाणी ऐकतोय, आणि तू मला मेलेल्यांमध्ये मोजलंस. मी खिडकी लावून घेतली. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, "तुमच्यात मेल्याशिवाय आमंत्रण नसतं का?" त्याला हसू आलं, मी मात्र रात्रभर धुमसत होते. तेव्हापासून बावीस वर्षं मी ही गोष्ट सगळ्यांना सांगतेय. आईने भर मांडवात माझं मयत गाजवलं. ऐकणारा प्रत्येक जण च्‌ च्‌ करतो. पोरीलाही तशीच सांगितली.

त्यानंतर आठ वर्षं तू होतीस. आठ वर्षांत एक शब्द नाही. मग एक दिवस भावाचा फोन, "ताई, आय गेली." मी आले, पण आत्याने मला आत येऊ दिलं नाही, मेलेल्या पोरीने आईच्या मयताला हात कसा लावायचा, असा तिला प्रश्न पडला. तुझ्याच हाताखाली तयार झालेली ती! दहाव्याला खाडीवर आले तेव्हाही मी कडेला, तिवरांच्या झुडपांच्या बाजूला उभी. वहिनी स्टीलच्या ग्लासात चहा घेऊन आली, तो हातात धरून. भावाने पिंड ठेवला, मागे फिरला, त्याची पाठसुद्धा पुरती वळली नव्हती, आणि कावळा आला. सरळ शिवला. लोक तास-तास थांबतात, काय काय कबूल करतात, आणि तुझा कावळा जणू वाटच बघत होता. काका म्हणाले, "चला, बाईची काय इच्छा राहिली नाय." सगळ्यांना किती बरं वाटलं. माझ्या हातातला चहा थंडगार झाला. काहीच राहिलं नव्हतं, आये? मी वीस पावलांवर उभी होते, आणि तुझी काहीच इच्छा राहिली नव्हती? आयुष्यात तुझा एवढा राग कधी आला नव्हता मला, आंघोळीचाही नाही.

हे सगळं मी परवा त्या धवलारणीला ऐकवलं. तुला का बोलवायचं नाही ते तिला कळावं म्हणून. भर मांडवातलं माझं मयत नेहमीप्रमाणे रंगवून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि च्‌ च्‌ केलं नाही. म्हणाली, "मावशी, मी तवा तिच्या मागंच बसली व्हती. तुमचा नाव घेतला तशी अर्ध्या बायका गप झाल्या. धवला सरल्यावर तिनी तुमचा पान वाढला. गेलेल्यांची पाना मांडतात तिथं नाय, चुलीपाशी, तिच्या सोताच्या पानाशेजारी. पाटबी मांडला. शेजारी एक लहान पान. आम्ही इचारला, ह्यो कोनाचा? तर बोलली, नात येल ना संगती. सगली जेवली, ती काय जेवली नाय. दिवेलागणीला तुमच्या भावानी पाना उचलली, तवा बोलली, घाई कशाला करतंस." मग ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "तिनी आंघोल केलेली, मावशी. ती आता कशी बोलावनार तुम्हाला? तिच्याकडं दुसरी वाटच नव्हती." ती गेली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

नात येईल सोबत. आये, मेलेल्या माणसाला मूल असतं का गं, आणि ते चार वर्षांचं असतं का? स्वतःच्याच नियमात इतकी फसलीस की स्वतःच्या पोरीला जेवायला बोलवायला तुला ती मेलेली आहे असं गावाला ओरडून सांगावं लागलं. रस्ता ओलांडून यायचं होतंस. चुकलं म्हणायचं नव्हतं, मीही म्हणाले नसते. नुसतं दारात येऊन 'चल गो' म्हणायचं होतंस. किती भांडू तुझ्याशी, आता समोर कोणी नाही.

यादी आत्ताच पाठवली. तुझं नाव पहिलं घातलंय. आता तुलाही दुसऱ्या कुठल्या वाटेने बोलवता येत नाही, म्हणून. हा कागद कुणाला दाखवायचा नाहीये, पोरीला तर नाहीच. कारण तिला, नवऱ्याला, त्या धवलारणीला, सगळ्यांना मी जे सांगत आले त्यातलं एक खरं नाही. मी खिडकी लावली ती तुझं गाणं संपल्यावर. त्याआधी मी गॅस बंद केला, पिवळी साडी नेसले, पोरीला फ्रॉक घातला आणि तिचं बोट धरून जिना उतरले. वॉचमन म्हणाला, "शादी में जा रहे हो, मॅडम?" मी हो म्हटलं. गेटबाहेर आले. रस्त्यापलीकडे तुझ्या मांडवाची झालर दिसत होती. मी तिथे उभी राहिले, पोरगी "मम्मी, चल ना" म्हणत हात ओढत होती, आणि मला वाटलं, नाही, मी जिवंत आहे, हिने मला जिवंत म्हणूनच बोलवलं पाहिजे. आणि मागे फिरले. तू मला मेलेली म्हणत नव्हतीस, जेवायला बोलवत होतीस. मला कळलं होतं, आये. पहिल्याच हाकेला कळलं होतं.